तिसऱ्या फळीवरचा दिवा

सर्वांना जय भीम. अण्णा, आणि कारखान्यातून आलेली सगळी मंडळी, तुम्हांला नमस्कार.

मी बोलायला नको म्हणाले होते. कार्यकर्त्यांना म्हणाले, दादांच्या घरी जाऊन वहिनींनाही म्हणाले. संगीतावहिनी म्हणाल्या, "तूच बोल. बाकीचे समदे चांगलंच बोलत्याल." म्हणून उभी आहे. कागदावर लिहून आणलंय, कारण न लिहिता बोलले तर मधेच थांबेन आणि मग पुढचं सुचणार नाही.

तुमच्यापैकी काहींनी मला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, तू रडलीस का? नाही. अजून रडू आलेलं नाही. मिलिंददादा गेल्यापासून मी रोज शेडवर जाते. कुलूप उघडते, पंखा लावते, हाताला येईल ते काम करते. परवा मी तारा जोडायच्या एका पट्टीचे सगळे स्क्रू सोडवले आणि परत घट्ट केले. ते आधीच घट्ट होते. माझ्याबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे.

मी प्रज्ञा. भूगावला राहते. इन्स्ट्रुमेंटेशन शिकले आणि मिलिंद ओव्हाळ यांच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले. वर्कशॉप म्हणजे कासार आंबोलीत शेलार अण्णांच्या शेताच्या कडेला असलेली पत्र्याची शेड. तिथे आम्ही दोघंच होतो. दादा मला 'इंजिनिअर बाई' म्हणायचे. चहा माझ्याकडून हवा असला की 'मॅडम' म्हणायचे.

आम्ही तिथे काय करायचो, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत नाही. ते आधी सांगते. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि पुढचं तुम्हांला कळावं असं वहिनींना वाटतं.

जुन्या कारखान्यांत मशीन चालवणारे जुने कंट्रोलर असतात. ते बनवणाऱ्यांनी कधीच बनवायचं थांबवलं, पण मशीन चालू आहे म्हणून कंट्रोलरही चालू आहे. त्यात एक कार्ड असतं, आयसोलेटेड एसी आउटपुट मॉड्यूल. कंट्रोलरने हुकूम दिला की हे कार्ड वीज सोडतं. मग कुठे व्हॉल्व्ह उघडतो, कुठे मोटर लागते. ही कार्डं बिघडली की आमच्याकडे यायची.

दादा हे कार्ड समजावून सांगायचे तेव्हा नळाचं उदाहरण द्यायचे. साध्या कार्डात आठ नळ आणि एक टाकी. टाकीचा कॉक बंद केला की आठही नळ कोरडे. आमच्या कार्डात आठ नळ आणि आठ टाक्या. प्रत्येक नळाला वीज वेगळ्या ठिकाणाहून येते. कारखाना वाढत जातो, एकेक मशीन नंतर येतं, प्रत्येकाची वीज वेगळी, तेव्हा असंच कार्ड लागतं. सोयीचं आहे. पण सात टाक्या बंद केल्या म्हणून आठवी बंद होत नाही. ती स्वतंत्र बंद करावी लागते, आणि बंद झाली आहे की नाही ते स्वतंत्र बघावं लागतं.

बघायचं कसं? मीटर लावून. इथे या कार्डाची एक खोड आहे. नळ बंद असला तरी तो थोडा ठिबकतो. शिवाय जुन्या पॅनेलमध्ये तारा एकमेकींना खेटून गेलेल्या असतात, बंद तारेला शेजारच्या चालू तारेची हवा लागते. त्यामुळे मीटर बंद तारेवरही आकडा दाखवतो. कारखान्यातले लोक याला भूत म्हणतात. पॅनेलमध्ये भूत आहे, साहेब. दादा त्यांना म्हणायचे, "भूतबित काय नसतं. आमी ते कधीच सोडलंय. गळती म्हणायचं."

ते म्हणायचे, मीटर म्हणजे नळाखाली धरलेलं बोट. थेंब पडला तरी ओलं होतं. म्हणून बोट बाजूला ठेवायचं आणि बादली लावायची. त्यांची बादली म्हणजे एक साधा पिवळा बल्ब, होल्डरमध्ये बसवलेला, दोन तारा काढलेला. तार खरंच चालू असेल तर बल्ब पेटतो. नुसती गळती असेल तर मीटर आकडा दाखवतो आणि बल्ब काळा राहतो. मीटर हो म्हणतो, दिवा नाही म्हणतो. आमच्या कामात खरं दिव्याचं.

अण्णा, तुम्ही शेडच्या दारात उभे राहून म्हणायचात ना, "अगं, दिवसाढवळ्या दिवाळी करताय व्हय?" ती बोर्डावर लावलेली दिव्यांची रांग याचसाठी होती. दुरुस्त केलेलं प्रत्येक कार्ड दिव्यांवर चालवून बघितल्याशिवाय दादा देत नसत. ते उत्तर द्यायचे, "अण्णा, तुमच्या म्हशीचं दूध काढल्याबिगर तुम्ही म्हस दुभती हाय म्हनून इकता का?" अण्णा म्हणायचे, "म्या इकलीय एकदा." मग दोघं हसायचे.

आता जे झालं ते.

त्या दिवशी दादा एका कारखान्यात कार्ड बदलायला गेले. मी शेडवर होते, दुसरं काम होतं. तिथे त्यांच्याबरोबर कारखान्याचे इलेक्ट्रिशियन यादवजी होते. यादवजी मागे खांबाजवळ बसले आहेत. यायला घाबरत होते. मी फोन करून बोलावलं. त्यांनी जे पाहिलं ते मला सांगितलं, आणि मी तेवढंच इथे सांगणार आहे.

पॅनेलच्या तारांच्या नकाशाप्रमाणे आठही टाक्या बंद केल्या. दादांनी मीटर लावला. सात तारांवर थोडा आकडा, आठवीवर जास्त. यादवजी म्हणाले, भूत आहे. दादा म्हणाले, गळती म्हणा. मग त्यांनी दिवा आधी चालू सॉकेटवर लावून बघितला. पेटला. मग तो आठव्या तारेवर लावला. यादवजींचे शब्द असे आहेत, "बल्ब लगाया था, दीदी. नहीं जला. मैंने खुद देखा." तेवढ्यात यादवजींना सुपरवायझरने हाक मारली. ते वळले. परत आले तेव्हा दादा खाली पडलेले होते. त्यांचा हात आठव्या तारेला लागला होता, आणि ती तार चालू होती.

दादांनी मला तीन पायऱ्या शिकवल्या होत्या. आधी दिवा चालू सॉकेटवर बघायचा. मग तो तारेवर लावायचा. आणि तार बंद दिसली तर दिवा परत सॉकेटवर लावून बघायचा, कारण मधल्या मधे त्याच्या आतली तार तुटली असेल तर तो कशावरच पेटणार नाही. तुटलेला दिवा आणि बंद तार सारखीच दिसतात. मीटरवर आकडा, दिवा काळा. चांगल्या कार्डावर आम्ही रोज हेच बघतो. ज्याने हे काम कधी केलं नाही तो मीटरचा आकडा बघून हात मागे घेईल. आम्ही घेणार नाही. आम्हांला तो आकडा रोजचा आहे.

दिवा माझ्याकडे आहे. पॅनेलच्या दारावर अडकवलेला होता, दादा पडले तेव्हा तोही पडला. खाली रबराची चटई होती, काच फुटली नाही. आतली तार तुटली आहे. मी तो भिंगाखाली बघितला. बराच वेळ बघितला. ती तार पडल्यावर तुटली की त्याआधी, हे मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणजे दोन गोष्टी झालेल्या असू शकतात. पहिली अशी, की दिवा सॉकेटपासून पॅनेलपर्यंत नेताना आतून तुटला, आठवी तार आधीपासूनच चालू होती, आणि दादांची तिसरी पायरी राहिली. दुसरी अशी, की दादांनी सगळं नीट केलं, तार खरंच बंद होती, आणि नंतर कुठल्या तरी दुसऱ्या पॅनेलवरून ती चालू झाली. ती आठवी तार नकाशात दाखवलेल्या जागेवरून येत नाही, एवढं नक्की आहे. कधी तरी कुणी तरी ती दुसरीकडे जोडली आणि नकाशात लिहिलं नाही. कुठे जोडली, हे अजून कुणी शोधलेलं नाही.

कारखान्याच्या चौकशीत 'कंत्राटदाराची हलगर्जी' असं म्हटलंय. या वस्तीत मी ऐकते, आपला मिलिंद चुकणं शक्यच नाही, हे दडपण्याचं काम चाललंय. दोन्ही बाजूंनी मला विचारलं गेलं, तू त्याच्याबरोबर काम करायचीस, तूच सांग.

मी सांगते. मला माहीत नाही.

दादा चुकत नव्हते असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी सकाळभर एका कार्डाला शिव्या घातल्या. खराब आहे म्हणाले, मरू दे म्हणाले. जेवायच्या सुट्टीत लक्षात आलं की दिवाच गेलेला होता. कार्ड उत्तम होतं. ते खुर्चीत बसून इतके हसले की अण्णा बघायला आले. म्हणाले, "इंजिनिअर बाई, दिव्याला इतकं विचारलं, पण तू जिता हायस का हे कुनी विचारलंच न्हाई." तर हे होऊ शकत होतं. त्यानंतर त्यांनी तिसरी पायरी सोडलेली मी कधी पाहिली नाही, हेही खरं आहे. आणि त्या दिवशी मी तिथे नव्हते, हेही.

आमच्या शेडमध्ये भिंतीला तीन फळ्या आहेत. वरच्या फळीवर चालू कार्डं. मधल्या फळीवर गेलेली कार्डं. खालच्या, तिसऱ्या फळीवर जी कार्डं कधी चालतात कधी नाही, ज्यांचा दोष सापडला नाही, ती. दादांनी तिथे पांढऱ्या रंगाने लिहिलंय, 'माहीत नाही'. गिऱ्हाईक आलं की त्या फळीवरून भांडण व्हायचं. लोक म्हणायचे, ओव्हाळ, एक काय ते सांगून टाका, चालतंय की गेलंय. अण्णासुद्धा एकदा म्हणाले, "एवढं शिकून माहीत न्हाई म्हणतोस, लाज न्हाई वाटत?" दादा म्हणाले, "माहीत नसताना हाय म्हनायची लाज वाटती." एक कार्ड त्या फळीवर मी आल्यापासून आहे. मधूनमधून ते खाली काढायचे, दिव्यांवर लावायचे, बघायचे, परत ठेवायचे. चिडायचे नाहीत. मी विचारलं होतं, किती दिवस ठेवणार? म्हणाले, "सापडेपर्यंत. फेकलं तर सापडनार न्हाई, एवढं मातर नक्की."

मागच्या आठवड्यात मी संगीतावहिनींकडे गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. चहा ठेवायच्या आधी विचारला. "त्यांचं चुकलं व्हतं का गं?" मी आत्ता तुम्हांला सांगितलं तेच सगळं त्यांना सांगितलं. नळ, टाक्या, दिवा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी ती तार कुटनं येती ते बघितलं की कळंल?"

मी म्हणाले, बहुतेक कळेल. ती तार कायम चालू असलेल्या जागेवरून येत असेल, तर ती त्या वेळीही चालू होती, दिवा आधीच गेलेला होता, आणि दादांची पायरी राहिली. ती अधूनमधून चालू-बंद होणाऱ्या जागेवरून येत असेल, तर कुणी काय चालू केलं ते विचारता येईल. मग मी त्यांना हेही सांगितलं, वहिनी, त्यांची चूक निघू शकते. आत्ता निदान शंका आहे. शोधलं तर कदाचित शंकाही राहणार नाही.

वहिनी उठल्या. चहा ठेवला. पाठमोऱ्या होत्या. म्हणाल्या, "शोध. त्यांचं चुकलेलं निघालं तरी शोध. उद्या तितं दुसरं कुनी हात घालंल."

याच्या पुढचं मी कारखान्याच्या मॅनेजर साहेबांना उद्देशून बोलते आहे. साहेब, तुम्ही आलात, त्याबद्दल आभार. शोकसभेत असं बोलू नये हे मला कळतं. पण यादवजींनी मला सांगितलं की ते जुनं पॅनेल काढायचं ठरलंय. नवीन बसणार, जुनं भंगारात जाणार, जुन्या तारा कापल्या जाणार. नवीन बसवा. ते चांगलंच आहे, दादाही तुम्हांला तेच सांगत होते, जरी त्यात त्यांचं काम जात होतं. पण तारा कापल्यावर आठवी तार कुठून येत होती हे कुणालाही, कधीही कळणार नाही. मग चौकशीत जे लिहिलंय तेच खरं होऊन बसेल. कदाचित ते खरं असेलही. पण तसं ते कुणी बघितलं म्हणून खरं ठरलेलं नसेल.

माझी विनंती एवढीच आहे. कापायच्या आधी ती एक तार शेवटपर्यंत शोधू द्या. पॅनेलपासून सुरुवात करून, तारा वाहून नेणाऱ्या ट्रेमधून, जिथे जाईल तिथे. तुमचा माणूस असू दे, चौकशीचा माणूस असू दे. मी येईन. वहिनी म्हणाल्या आहेत की त्याही येऊन उभ्या राहतील. दिवा मी आणेन, नवीन. आधी सॉकेटवर बघेन, मग तारेवर लावेन, आणि नंतर परत सॉकेटवर बघेन. तुमच्या समोर. जे निघेल ते तुम्ही लिहा. दादांची चूक निघाली तर मी पहिली सही करेन आणि याच जागी येऊन तुम्हां सगळ्यांना सांगेन. उत्तर आत्ता नको. ही सभा त्यांच्यासाठी आहे.

वस्तीतल्या लोकांना माझं म्हणणं असं, की तोपर्यंत त्यांची चूक होती असं म्हणू नका, आणि ते चुकूच शकत नव्हते असंही म्हणू नका. यादवजींकडे बघून कुजबुजू नका. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणाले नाहीत. त्यांना सोपं होतं, तसं म्हणणं.

एक राहिलं. दादा गेले त्या दिवशी शेडमध्ये एक कार्ड दिव्यांच्या बोर्डावर चालू ठेवलेलं होतं. मला फोन आला आणि मी तशीच निघाले. दुसऱ्या दिवशी शेडवर गेले तर दिव्यांची रांग पेटलेलीच होती. अण्णांकडे दुसरी किल्ली असते. मी अण्णांना विचारलं, बंद का नाही केले? ते म्हणाले, "हात लावला व्हता बटनाला. बंद करावंसं वाटंना." आणि घरात गेले. मग मी ते बंद केले. कार्ड तपासून झालं होतं. ते वरच्या फळीवर ठेवलं.

दादांचा दिवा तिसऱ्या फळीवर आहे. त्यांच्या त्या जुन्या कार्डाच्या शेजारी. आठवी तार सापडेपर्यंत तो तिथेच राहील.

आता आपण सगळे उभे राहू या. यादवजी, तुम्ही मागे नका राहू, पुढे या. वहिनी, तुम्ही बसल्यात तरी चालेल. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका. त्यांच्याबद्दल जे ठरवून टाकलंय ते एवढा वेळ बाजूला ठेवा आणि फक्त ते आठवा.

मिलिंददादा, जय भीम.